वाकडा कान

आमच्या घरात 'साईड स्टँड' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरला जायचा. कुणी काम अर्धं टाकून भिंतीला टेकलं की अब्बा म्हणायचे, "काय, साईड स्टँडला लागला का?" त्यांची स्वतःची बुलेट कायम डबल स्टँडवर, मधोमध ताठ उभी. बूट स्टँडच्या दांडीवर, डावा हात हँडलला, उजवा मागच्या कॅरिअरला, आणि पोटातून एक 'हुं' काढून ते गाडी मागं खेचायचे. खट्! तो आवाज आतपर्यंत यायचा आणि अम्मी भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. अब्बा आले हे सांगायला आमच्याकडं दुसरी घंटा नव्हती.

शिरूरला आमचं दुकान रस्त्याला, घर मागं, आणि मधे शहाबादी फरशीचं अंगण. दुकान म्हणजे अब्बांचं वेल्डिंगचं. खिडक्यांच्या जाळ्या, गेटं, बैलगाडीचे आणि ट्रॉलीचे मोडके भाग, सगळं त्या अंगणात पडलेलं असायचं आणि त्याच्यातून वाट काढत अम्मी वाळवणं घालायची. सकाळी आधी तिच्या स्टोव्हचा आवाज, मग ऐरणीवर घणाचा, मग गॅस पेटवताना होणारा फट्, असा ठरलेला क्रम. घरात आम्ही दखनी आणि मराठीची मिसळ बोलायचो, गिऱ्हाईक आलं की नुसती मराठी. इथं मी सगळं मराठीतच लिहितेय, कारण वाचणाऱ्या माझ्या सुना आहेत आणि त्या फार हसतात.

गाडी मूळची दौंडच्या आप्पांची. आप्पा रेल्वेत गार्ड होते. आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर, म्हणजे आगगाडीवर, आणि ही गाडी ओट्याखाली गंजत पडलेली. त्यांचं फाटक दुरुस्त करायला अब्बा एकदा गेले आणि फाटकापेक्षा गाडीकडंच जास्त बघत बसले. आप्पा म्हणाले, "रहीम, घेऊन जा. हितं सडण्यापरीस तिकडं पळंल तरी. फकस्त दर आयतवारी मला दाखवायला आणायची." असा तो करार. मी जन्मायच्या आधीपासून दर रविवारी अब्बा न्हावरा, पारगाव, केडगाव करत, वरवंडावरून दौंडला जायचे. आप्पा गाडीभोवती एक चक्कर मारायचे, टाकीवर हात फिरवायचे, आणि मग दोघं ओट्यावर बसायचे. अम्मी डब्यात बाजरीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी द्यायची. आप्पांच्या घरात बोंबील चालत नसे, म्हणून ते बाहेर ओट्यावर पाठमोरे बसून खायचे आणि काकू आपल्याला काहीच वास येत नाही असं दाखवायच्या. येताना त्याच डब्यात काकूंनी घातलेलं हुलग्याचं माडगं असायचं. रविवारी संध्याकाळी ते गरम करून प्यायलं नाही तर आमच्याकडं आठवडा संपलाय असं वाटत नसे.

मग अब्बा शिडीवरून पडले. सणसवाडीला कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधत होते, तिथं जाळ्या बसवताना शिडी सरकली आणि उजवा खांदा निखळून मोडला. हाड जुळलं, पण हात खांद्याच्या वर जाईना आणि जोर लावून काही ओढता येईना. डॉक्टरांनी सांगितलं, हात चालेल, पण ओझं उचलायचं नाही. गाडी चालवायला त्यांना काही अडचण नव्हती. किक पायानं, ॲक्सिलरेटर मनगटानं. अडचण होती ती गाडी थांबल्यावर. डबल स्टँडला लावायची कुणी? दोन-तीन रविवार त्यांनी कशीबशी ओढली. चौथ्या रविवारी न्हावऱ्यात चहाला थांबले आणि गाडी स्टँडला जाईना. एक पोरगेला माणूस धावत आला, गाडी खट्कन लावून दिली आणि चांगल्या मनानं म्हणाला, "बाबा, वय झालं. आता एष्टीनं फिरत जा." अब्बा तिथूनच माघारी आले. दौंडला गेलेच नाहीत.

त्या दिवसापासून गाडी अंगणात उभी राहिली. अब्बा दुकानात बसायचे, जाळी वेल्ड करायचे, पण बोलणं कमी झालं. माणूस आजारी असला की कळतं, हे तसं नव्हतं. जेवणावरचं मन उडालं, माझी थट्टा करणं बंद झालं. एका दुपारी ते अम्मीला म्हणाले, "ह्या आयतवारी शमाला मागं बसवून जातो आन् गाडी आप्पाला देऊन येतो. येताना एष्टीनं येऊ." शमा म्हणजे मी. मला इतका राग आला की सांगता येत नाही. राग खांद्यावर होता, त्या न्हावऱ्याच्या माणसावर होता, आणि सगळ्यात जास्त अब्बांवर होता. मी म्हणाले, "साईड स्टँड आहे की गाडीला!" अब्बा म्हणाले, "ती मोडकी हाय. आन् आळशाची हाय." आणि उठून गेले.

स्टँड होता, पण तारेनं चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बांधून टाकलेला. का, ते मला त्या दिवशी अम्मीनं सांगितलं आणि सांगताना तोंडाला पदर लावून हसली. त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी फोटोग्राफर आला होता. नवरदेवाची बुलेट म्हणून माझे दोन मामा, एक मावसा आणि वर अब्बा स्वतः, असे चौघं साईड स्टँडवर लावलेल्या गाडीवर चढून बसले. फोटोग्राफर म्हणाला, जरा डावीकडं झुका. झुकले. चेसीच्या खालच्या नळीला डाव्या बाजूला जाड लोखंडाचा एक तुकडा असतो, भोक पाडलेला. त्या भोकात बोल्ट घालून स्टँडचा पाय अडकवतात. त्या तुकड्याला आमच्या धंद्यात कान म्हणतात. तो कान वाकला, गाडी सगळ्या सासरवाडीला घेऊन आडवी झाली. "तवापास्नं साईड स्टँड आळशाची," अम्मी म्हणाली. इतकी वर्षं ज्याला आम्ही अब्बांचं तत्त्व समजत होतो, ती निव्वळ लाज होती.

मी तेव्हा सणसवाडीच्या एका कंपनीत क्वालिटीत होते. सकाळी कंपनीच्या बसनं जायचं आणि दिवसभर लोखंडी जॉब, म्हणजे तयार भाग, मोजायचे. बरोबर असेल तर हिरवा ठिपका, चूक असेल तर लाल. आमचे सुपरवायझर बिहारकडचे होते. नव्या मुलीनं माप सांगितलं की ते डोळे बारीक करून विचारायचे, "पहले ये बताओ, नापा कहाँ से?" घरात माझ्या या नोकरीची थट्टा व्हायची. अब्बा म्हणायचे, आम्ही बनवतो, ही नुसती मोजते. पण गॅसची नळी मला शाळेत असल्यापासून धरता येत होती, ती त्यांनीच शिकवलेली. मी शनिवार-रविवारची रजा टाकली आणि शनिवारी सकाळी पंजाबी ड्रेसच्या बाह्या दुमडून गाडीखाली आडवी झाले.

खाली पाहिलं तर हसावं की रडावं कळेना. कान वाकलेला होता, पण त्याला कुणी हातच लावलेला नव्हता. तारेनं बांधून टाकण्याआधी शिरूरच्या आणि दौंडच्या ज्या ज्या मेकॅनिकनं स्टँड दुरुस्त केला, त्यानं पायच वाकवला होता. गाडी जास्त झुकते, दे पाय बाहेर ढकलून. पुन्हा झुकली, आणखी ढकल. त्या पायाचं केळं झालं होतं. दुखणं कानाला आणि इलाज पायावर, असा सगळा प्रकार. मी बाहेर येऊन हे मोठ्यानं सांगितलं. अब्बा दुकानाच्या उंबऱ्यावर बसून होते. म्हणाले, "कानाला आच लावायची न्हाई. नळी पातळ हाय, चेसी जाईल." मी म्हणाले, "तुम्ही नुसतं बघा. चुकले तर ओरडा." ते म्हणाले, "वरडणारच हाय."

आणि ओरडलेही. टाकी काढ, बॅटरी काढ, पेट्रोलचा फडकाही आत नेऊन टाक. भोकात जुना बोल्ट घाल, नाहीतर लोखंड मऊ झाल्यावर भोक लांबट होईल. नळीखाली लाकडाचा ठोकळा दे. प्रत्येक वाक्यागणिक ते उंबऱ्यावरून एक वीत पुढं सरकत होते, आणि आच लावायची वेळ आली तेव्हा माझ्या शेजारी उकिडवे बसलेले होते. पाय मी आधीच व्हाइसच्या जबड्यात धरून, तापवून सरळ केला होता. मग कान तापवला. अब्बा ज्योतीकडं न बघता रंगाकडं बघत होते. गाजराच्या रंगावर आला तसं म्हणाले, "आता." मी बोल्टवर लांब पाइप चढवून ओढला. लोखंड आलं हो! काहीही कुरकुर न करता, हळूहळू, मी सांगेन तितकं आलं. अम्मी पाण्याची बादली घेऊन धावली तर अब्बा तिच्यावर खेकसले, पाणी मारलं की कान कडक होतो आणि मग एक दिवस तुटतो. तासभर आम्ही तिघं त्या कानाकडं बघत चहा पीत बसलो.

संध्याकाळी पाय लावला, स्प्रिंग चढवली. जरा ओढून, जरा ठोकून, अंगणात गाडी अशी उभी राहिली की बघत राहावं. डावीकडं झुकलेली, पण आरामात. अम्मीनं आम्हा दोघांच्या तोंडात साखर घातली. अब्बांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या. मग म्हणाले, "रस्त्यावर घेऊ." दुकानासमोर डांबरीवर त्यांनी गाडी लावली, हात काढला. गाडी शाळेतल्या पोरासारखी सावधान उभी राहिली, झुकेचना. मला काही समजायच्या आत एष्टी गेली, तिच्या वाऱ्यानं गाडी हलली आणि उजवीकडं पडली. अब्बांनी धरायला हात टाकला, तोच हात. आरसा फुटल्याचा आवाज आणि अब्बांचा आवाज एकदमच आला. लोकांनी गाडी उचलली. अब्बा पायरीवर खांदा धरून बसले. मला वाटलं, ओरडतील. ते शांतपणे म्हणाले, "लई केलंस बेटा. जाऊ दे आता. उद्या देऊन येऊ." ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं.

रविवारी सकाळी मी अंगणात बसले होते. गाडी समोर, साईड स्टँडवर, पुन्हा अगदी झोकात उभी. हेच मला छळत होतं. इथं बरोबर आणि पंचवीस पावलांवर चूक, असं कसं? अम्मी भांडी घासत होती. तिनं बादली ओतली आणि पाणी फरशीवरून सरळ गटाराकडं धावलं. गटार गाडीच्या डाव्या हाताला. वीस वर्षं मी ते पाणी तिकडंच जाताना पाहत होते. अंगण धुतलं की पाणी साचू नये म्हणून अब्बांनी स्वतः फरशीला उतार दिला होता, आणि दिवसभर मिलिमीटरचे भाग मोजणाऱ्या माझ्यासारख्या शहाणीनं त्या उतारावर गाडीचं माप घेतलं होतं. नापा कहाँ से? गटाराच्या काठापासून! मी एवढ्या जोरात हसले की अब्बा आतून बाहेर आले.

मी गाडीचं तोंड फिरवलं. जिथं हँडल होतं तिथं मागचा दिवा आणला. आता डावी बाजू चढाला, उजवी उताराला. स्टँड लावला तर गाडी उजवीकडं कलंडायलाच लागली, मी धरून ठेवली. पुन्हा पहिल्यासारखी फिरवली, तर झोकात उभी. अब्बा बघत राहिले. एकदा गाडीकडं, एकदा फरशीकडं, एकदा गटाराकडं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरत गेलं ते मी महिनाभर पाहिलं नव्हतं. "हात् तेरी," ते म्हणाले, "म्हंजी गाडी बरोबरच हाय. अंगण वाकडं हाय!" आणि अम्मीला हाक मारून म्हणाले, "ऐकलंस का? तुझ्या पोरीनं माझं अंगण नापास केलं."

मग त्यांनी जी घाई केली ती विचारू नका. शेजारच्या गवंड्याकडून पाण्याची लेव्हल नळी आणली. अंगणात दोन लांब अँगल टाकले, त्यांच्याखाली पत्र्याचे तुकडे सारून नळीतलं पाणी दोन्हीकडं सारखं आणलं, वर जाड पत्रा टाकला आणि त्या सपाट जागेवर गाडी चढवली. टाकी पुन्हा उतरवली, पुन्हा गॅस, पुन्हा गाजर. या वेळी कान थोडाच हलवायचा होता, दोन बोटांएवढासुद्धा नाही. पाइप मी धरला, पण मागून त्यांनी डावा हात लावला आणि दोघांनी मिळून दाबला. थंड झाल्यावर कानाच्या पाठीशी त्यांनी एक छोटी पट्टी मला वेल्ड करायला लावली, पुन्हा कुणाची सासरवाडी बसली तरी वाकू नये म्हणून. हे ते स्वतःच बोलले आणि अम्मी लाजली.

आता रस्त्यावर बघायला ते तयार नव्हते. म्हणाले, रस्त्याचा काय भरवसा, मधून फुगलेला असतो. मार्केट यार्डाजवळ ट्रकचा वजनकाटा होता, तिथं घेऊन गेले. काट्याचं ताट सपाट असावंच लागतं, नाहीतर शेतकरी मालकाला सोडणार नाहीत. काट्यावरचा माणूस म्हणाला, "काय मिस्त्री, बुलेटचं वजन करता व्हय?" अब्बा म्हणाले, "करून टाक." त्यांनी टाचेनं स्टँड खाली केला. गाडी डावीकडं आली, कानावर बसली आणि थांबली. अब्बांनी हात काढला. मागं कांद्याचा ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अब्बांनी सीटला एक धक्का दिला. गाडी नुसती डुलली. दुसरा दिला. तिसरा मी दिला, जरा जास्तच जोरात. ती होती तिथंच. अब्बा माझ्याकडं वळून म्हणाले, "लाव हिरवा ठिपका." माझ्या नोकरीची त्यांनी केलेली ती शेवटची थट्टा, आणि ती थट्टा नव्हतीच.

दौंडला पोचलो तेव्हा आप्पा फाटकाबाहेर उभे होते. अब्बांचा निरोप त्यांना आधीच पोचला होता. त्यांनी बिचाऱ्यांनी ओट्याशेजारी गाडीसाठी चार पत्रे टाकून शेड उभं केलं होतं, आणि चेहरा असा की घरात काहीतरी वाईट घडलंय. फाटकापुढं अब्बांनी गाडी थांबवली. आप्पा धरायला पुढं आले. अब्बांनी टाचेनं स्टँड पाडला, गाडी टेकवली, उतरले आणि मागं वळून न बघता सरळ ओट्याकडं चालत गेले. आप्पांचे दोन्ही हात हवेत तसेच. गाडीकडं बघून ते मला म्हणाले, "पोरी, पडंल की गं!" मी म्हणाले, "नाही पडत, आप्पा." त्यांनी खाली वाकून पाहिलं, कानाला बोट लावलं. मग ओट्याकडं बघून ओरडले, "रहीम, आरं मंग गाडी ठेवायची का न्हाई?" अब्बा डबा सोडत होते. म्हणाले, "ठेवायला कोण आलंय? दाखवायला आणलीय. आयतवार हाय ना आज?" आप्पांनी डोळे पुसले आणि खिशात रुमाल कोंबत म्हणाले की बोंबलाचा वास फार झोंबतो.

त्या शेडमध्ये पुढं काकूंनी शेळी बांधली. आताच्या गाड्यांना स्टँड खाली असेल तर इंजिन चालूच होत नाही, माझा मुलगा मला कौतुकानं दाखवतो. मी त्याला म्हणते, असल्या गाडीनं तुझ्या आजोबांची ती संध्याकाळ फुकट घालवली असती. कारण परतताना अब्बा पाटसला थांबले. का, तर पाणी प्यायचं होतं. वरवंडला पेरू घ्यायला. चौफुल्याला चहा. केडगावला हवा बघायला, जी बरोबर होती. पारगावच्या पुलाअलीकडं नदी बघायला. न्हावऱ्यात त्याच टपरीसमोर पुन्हा चहा, गाडी अगदी टपरीच्या दारात, आणि तिथं आम्ही ग्लास रिकामे झाल्यावरही बराच वेळ बसलो. त्याच्या पुढं तर त्यांनी कारणं सांगणंही सोडून दिलं. टाचेनं स्टँड पाडायचा, उतरायचं, दहा पावलं चालायचं, कंबरेवर हात ठेवून गाडीकडं बघायचं आणि परत येऊन स्टँडवरच किक मारायची. मी मागच्या सीटवरून किती वेळा उतरले आणि चढले ते मला आता आठवत नाही. दिवस मावळायच्या सुमाराला घरी पोचलो. अम्मी दारातच होती, काळजीनं अर्धी झालेली. "एवढा उशीर? कुठं बंद पडली गाडी?" तिनं विचारलं. अब्बा म्हणाले, "बंद कशाला पडंल? उभी करत करत आलो."